मोटारीचीं नवीं चाकें आणि दोन मिलिमीटर

घरांत एखादी नवी वस्तु आली, म्हणजे ती बसते कीं नाहीं एवढेंच आपण पाहतों. ती कशी बसली आहे हें पाहण्याची उसंत सहसा कोणास नसते. कपाटाचा खण जरा जोर देऊन लोटला कीं बंद होतो, कुकरच्या झांकणांत दुसऱ्याच कंपनीचें रबरी कडें दाबून बसवितां येतें, आणि मुलाच्या पायांत गतवर्षींची चप्पलही बोटें आखडून जाते. अशा गोष्टींनीं फारसें कोणाचें बिघडत नाहीं. परंतु मोटारीच्या चाकाचे बाबतींत हीच संवय केवढी महाग पडूं शकते, याचा अनुभव आमच्या घरीं गेल्या हिवाळ्यांत आला. तो सांगण्यांत आमचा स्वतःचा कमीपणा आहे. 'एवढ्यानें काय होतें?' हे शब्द दुकानदाराचे नव्हते, आमच्या चिरंजीवांचेही नव्हते. ते आमच्याच तोंडचे होते, आणि आम्हीं तर तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेलें आहे.

आमच्याकडे २००६ सालची फियाट पालिओ आहे. ही मोटार २००१ सालीं भारतांत प्रथम आली, तेव्हां तिच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर असे, हें पुष्कळ वाचकांस आठवत असेल. आम्हीं ती नोकरीच्या अखेरच्या वर्षांत कर्ज काढून घेतली. जाड पत्रा, जड दारें आणि चढावर थोडें कुरकुरणारें इंजिन अशी ती गाडी आहे. पंधरा वर्षें पुरीं झाल्यावर तपासणी होऊन तिची नोंदणी पुन्हां करून घेतली, त्या दिवशीं आमच्या सौभाग्यवतींनीं तिला हळदकुंकू लाविलें. चिरंजीवांस मात्र तिच्या काळ्या, गंजत चाललेल्या पोलादी चाकांची लाज वाटे. दिवाळीच्या आधीं एके दिवशीं ते म्हणाले, "बाबा, इंजिन ठणठणीत आहे, रंगही बरा आहे. नुसतीं अलॉय व्हील्स लावलीं तरी गाडी दहा वर्षांनीं तरुण दिसेल." अलॉय व्हील म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें ओतीव चाक. मुलगा आपल्या मिळकतींतून बापाच्या जुन्या गाडीस दागिना करूं म्हणतो, त्यास नको म्हणणें आमच्यानें झालें नाहीं.

दुकानदारानें कांहींही लपवून ठेविलें नाहीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तो म्हणाला, "तुमच्या गाडीची पीसीडी अठ्ठ्याण्णव आहे, आणि ही चाकं शंभरची आहेत. पण बसतात. सगळे बसवतात. फारच वाटलं तर भोकं जरा रुंद करून देतो." भोकें रुंद करण्याची सूचना आम्हांस आवडली नाहीं, पण बसतात म्हणजे काय, हें विचारण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं. पीसीडी म्हणजे काय, एवढें मात्र विचारून घेतलें.

चाक ज्या फिरत्या भागावर जोडलेलें असतें, त्यास हब म्हणतात. हबवर चार, पांच किंवा सहा बोल्टांच्या जागा एका वर्तुळावर सारख्या अंतरानें केलेल्या असतात. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. फियाटनें आपल्या अनेक लहान गाड्यांस चार बोल्ट व ९८ मिलिमीटर हें माप ठेविलें. होंडा सिटी, ह्युंदाईची आय-ट्वेंटी, टाटांची इंडिका यांचें माप चार बोल्ट व १०० मिलिमीटर. त्यामुळें बाजारांत शंभराचीं चाकें हव्या त्या नक्षीचीं मिळतात, आणि अठ्ठ्याण्णवाचीं शोधीत हिंडावें लागतें. पालिओच्या मालकास हा मोह पडतो तो असा.

आम्हीं तेथेंच मनांत हिशेब केला. व्यासांत फरक दोन मिलिमीटरांचा, म्हणून त्रिज्येंत एक. प्रत्येक बोल्टाच्या वाट्यास अवघा एक मिलिमीटर. बोल्टाची जाडी बारा मिलिमीटर, चाकाचें भोक त्याहून मोठें. मग एका मिलिमीटरानें असें काय आकाश कोसळणार आहे? हा हिशेब बिनचूक होता. तो ऐकून चिरंजीवांचा चेहरा खुलला, आणि दुकानांतील मुलानें हवेच्या बंदुकीनें बोल्ट आवळावयास सुरुवात केली. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना बंदूक कण्हल्यासारखी आवाज करीत होती, हें आम्हांस आज आठवतें. त्या वेळीं आम्हांस तो घट्टपणाचा पुरावा वाटला.

पंधरा दिवस गाडी शहरांत फिरली. शेजाऱ्यांनीं कौतुक केलें. साठाच्या वेगास सुकाणूचें चक्र किंचित् थरथरे. पण पुण्याच्या रस्त्यांवर मोटार हांकणाऱ्या मनुष्यास थरथर ही गाडीची आहे कीं रस्त्याची, हें कळण्याचा मार्ग नसतो. नवीं चाकें बसविल्यावर शंभरेक किलोमीटरांच्या आंत बोल्ट पुन्हां एकदां आवळून पाहावे लागतात, हें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं व आम्हीं कोणास विचारलें नाहीं.

डिसेंबरांत वाईस आमच्या मेहुण्यांकडे वास्तुशांत होती. आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांची नात अशीं पांच जणें सकाळीं सहा वाजतां निघालों. शिरवळ मागें पडल्यावर चक्राची थरथर वाढली. थोड्या वेळानें नात म्हणाली, "आजोबा, गाडीच्या पोटांत कुणीतरी टाळ्या वाजवतंय." आम्ही हंसलों. पण मग तो आवाज आम्हांसही ऐकूं आला. वेग वाढला कीं जलद, कमी झाला कीं संथ. चिरंजीवांचें मत असें कीं आतां वाई कितीशी उरली आहे, तेथें पोंचून पाहूं. सौभाग्यवती मागच्या बाकावरून एवढेंच म्हणाल्या, "अहो, पुढें घाट आहे. गाडी थांबवायला सांगा."

पारगाव-खंडाळ्यास, म्हणजे खंबाटकीचा घाट लागण्यापूर्वींच, रस्त्याच्या कडेस पंक्चर काढणाऱ्याचें एक लहानसें दुकान होतें. तेथल्या कारागिरानें पुढच्या डाव्या चाकाजवळ बसून पाना न घेतां नुसत्या बोटांनीं एक बोल्ट फिरविला. तो फिरला. दुसराही फिरला. तिसऱ्याची जागा रिकामी होती. तो बोल्ट वाटेंत कोठें पडला तें देव जाणे. चौथा तेवढा घट्ट होता, आणि पाना लावून काढला तेव्हां तो डोळ्यांना दिसेल इतका वांकलेला निघाला. त्या एका वांकलेल्या बोल्टावर आम्ही पांच जणें घाटाच्या तोंडाशीं आलों होतों. नात दुकानाच्या बाकावर बसून चिवडा खात होती. सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत; त्यांनीं मुलीस उचलून मांडीवर घेतलें. चिरंजीवांकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं, आणि त्यांनाही आमच्याकडे पाहवेना.

"काका, ही चाकं ह्या गाडीची न्हाईत," कारागीर म्हणाला. "मागल्या उजव्या चाकाचंबी दोन सैल झाल्यात." त्यानें पुढें जाऊं नका असें सांगितलें, आणि त्याबद्दल एक पैसाही घेतला नाहीं. गाडी तेथेंच ठेवून आम्ही एस्. टी. नें वाईस गेलों. दुसऱ्या दिवशीं चिरंजीव पुण्याहून जुनीं पोलादी चाकें टेंपोंत घालून घेऊन आले. तीं भंगारांत गेलीं नव्हतीं, आणि त्यांचे मूळ आंखूड बोल्ट एका कापडी पिशवींत बांधून ठेविलेले होते, याचें सर्व श्रेय सौभाग्यवतींच्या 'जुनें लगेच टाकूं नये' या संवयीस आहे. नव्या चाकांचे लांब बोल्ट पोलादी चाकांस लाविले असते, तर तें आणखी एक संकट झालें असतें; पातळ चाकांतून लांब बोल्ट हबच्या पाठीमागें निघून आंतल्या भागांस घांसूं शकतो.

घरीं आल्यावर आम्ही कागद व पेन्सिल घेऊन पुन्हां बसलों, कारण आपला बिनचूक हिशेब चुकला कोठें, हें समजल्यावांचून झोंप लागेना. जें समजलें तें वाचकांपुढें मांडतों.

आमची पहिली भ्रांत ही कीं, चाक बोल्टांवर टांगलेलें असतें. भिंतींत खुंटी मारावी आणि तीवर सदरा अडकवावा तसें. वस्तुतः बोल्ट हा खुंटी नसून चिमटा आहे. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरास आपण जो चिमटा लावतों, तो धोतराचें वजन स्वतः उचलीत नाहीं. तो कापड दोरीशीं दाबून धरतो, आणि त्या दाबामुळें जें घर्षण उत्पन्न होतें त्यानें धोतर सरकत नाहीं. चाकाचेंही तसेंच आहे. बोल्ट आवळला कीं तो केसभर ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणें चाकाचा सपाट चेहरा हबच्या चेहऱ्यावर दाबून धरतो. बारा मिलिमीटरांचा एक बोल्ट नीट आवळला असतां साधारण तीन-चार टनांचा दाब देतो. चार बोल्ट मिळून बारा टनांहून अधिक. गाडीचें वजन, ब्रेकाचा ओढा, खड्ड्याचा धक्का हें सर्व त्या दाबलेल्या दोन चेहऱ्यांमधील घर्षण सोसतें. दाब पुरेसा असेपर्यंत बोल्टांस आडवा भार जवळजवळ जाणवत नाहीं. दाब गेला कीं मात्र चिमट्याची खुंटी होते, आणि खुंटी होण्यासाठीं तो बोल्ट घडविलेलाच नसतो.

आतां हा दाब एका मिलिमीटरानें कसा जातो? चाकाच्या भोकाचें तोंड शंकूच्या आकाराचें कोरलेलें असतें आणि बोल्टाच्या माथ्याखालचा भागही तसाच शंकूसारखा असतो. गाडग्यांत गाडगें बसावें तसा एक दुसऱ्यांत सर्व बाजूंनीं टेंकला पाहिजे. आमच्या चाकांत भोकाचा मध्य बोल्टाच्या मध्यापासून एक मिलिमीटर बाहेर होता. म्हणून बोल्टाचा शंकु भोकाच्या एकाच कडेस, म्हणजे चाकाच्या मध्याकडील कडेस टेंकला, आणि आवळतांना त्या कडेवरून घसरत स्वतः बाहेरच्या बाजूस वांकूं लागला. बंदूक कण्हत होती ती याकरितां. ठीक जुळणाऱ्या बोल्टाचे बाबतींतही आवळण्यास लाविलेल्या जोराचा साधारण नऊ दशांश भाग माथ्याखालच्या व आट्यांमधल्या घर्षणांतच खर्च होतो. खरा ताण निर्माण करण्यास उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. घर्षण जरासें वाढलें कीं प्रथम तो दहावा हिस्साच खाल्ला जातो. पान्यास पूर्ण जोर लागतो, हातास बोल्ट घट्ट लागतो, आणि दाब मात्र निम्माही नसतो. शिवाय जी एक कड टेंकलेली असते, ती मऊ ॲल्युमिनियमची. हादऱ्यांनीं ती चेपत जाते, आणि होता तो ताणही ढिला पडतो.

यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हां गणितवाल्यांस विशेष खजील करणारी आहे. प्रत्येक बोल्टाच्या वाट्यास एक मिलिमीटर, ही वांटणी आम्हीं कागदावर केली. चाकानें ती मान्य केली नाहीं. बंदुकीनें पहिला बोल्ट एकदम गच्च केला, तेव्हां चाक त्याच्याकडे सरकलें आणि त्याचा शंकु बरोबर बसला. परिणामीं समोरच्या बोल्टाच्या वाट्यास दोन्ही मिलिमीटर आले, आणि चाकाचा मध्य आंसाच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळला. सुकाणूची थरथर ही अशी आली. चाकाच्या मध्यभागीं एक मोठें भोक असतें, तें हबच्या मधल्या उंचवट्यावर अलगद बसावें अशी मूळ रचना असते. पालिओचा हा उंचवटा ५८.१ मिलिमीटरांचा. बाजारांतलीं चाकें अनेक गाड्यांस चालावीं म्हणून त्यांचें मधलें भोक मुद्दाम मोठें ठेवितात. मधली पोकळी भरून काढणारें कडें मिळतें. तें आमच्या चाकांत घातलेलेंच नव्हतें. तें असतें तर चाक निदान मध्यावर राहिलें असतें, जरी बोल्टांचें दुखणें त्यानें बरें झालें नसतें.

सैल झालेला बोल्ट लगेच कां तुटत नाहीं, असा प्रश्न सूनबाईंनीं केला, आणि तो फार जुना प्रश्न आहे. १८४२ सालीं मे महिन्याच्या ८ तारखेस व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडून मोठा अपघात झाला. पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. जगप्रवासी ड्युमाँ द्युर्व्हील हा त्यांतच सहकुटुंब गेला. ज्या आंसानें महिनोन् महिने तेवढेंच ओझें बिनतक्रार वाहिलें, तो एके दिवशीं अचानक कां मोडावा, हें कोडें त्या काळच्या अभियंत्यांस पडलें. प्रशियाच्या रेल्वेंतील ऑगस्ट व्योलर यानें १८५० व १८६० च्या दशकांत आंसांचे नमुने यंत्रावर वांकवीत पुनःपुन्हां फिरविले, आणि असें दाखवून दिलें कीं, एका खेपेस ज्या भारानें धातूचें कांहींच बिघडत नाहीं, तोच भार लाखों खेपा उलटसुलट पडला तर धातु थकते आणि तुटते. आमच्या चाकाचा परीघ पावणेदोन मीटरांहून थोडा अधिक. म्हणजे एका किलोमीटरांत तें सुमारे ५४० वेळां फिरतें. पुण्याहून पारगावापर्यंतच्या साठ किलोमीटरांत तें बत्तीस हजारांवर फेरे फिरलें, आणि सैल बोल्ट प्रत्येक फेऱ्यांत एकदां इकडे व एकदां तिकडे वांकला. घाटाच्या उतारावर ब्रेक दाबले असते तेव्हां आणखी किती फेरे तो तगला असता, याचा हिशेब करण्याचें आम्हीं टाळलें आहे.

सौभाग्यवतींनीं हें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "कुकरचं कडं चुकीचं बसलं तर वाफ बाजूनं निघते, शिटी होत नाही. लगेच कळतं तरी." त्यांनीं नेमक्या वर्मावर बोट ठेविलें. मापांत फरक मोठा असता, समजा चाक १०८ चें असतें, तर तें हबवर चढलेंच नसतें, आणि आम्ही दुकानांतून हात हालवीत परत आलों असतों. दोन मिलिमीटरांचा फरक नकार देत नाहीं. तो होकार देतो, पंधरा दिवस गोड बोलतो, आणि आपलें खरें उत्तर शिरवळच्या पुढें सांगतो. फरक जितका लहान तितका तो बिनधोक, हें जें आम्हांस उपजत वाटत होतें, तें येथें अगदीं उलटें आहे.

असाच फसवा जोड पांच बोल्टांच्या मोठ्या गाड्यांतही आहे. मर्सिडीज व ऑडी यांचें माप ११२ मिलिमीटर. टोयोटाची इनोव्हा, ह्युंदाईची क्रेटा आणि पुष्कळशा जपानी व कोरियन गाड्या यांचें ११४.३. हा विचित्र अपूर्णांक कोठून आला, तर तो साडेचार इंचांचा अवतार आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धांतल्या जीपेचें वर्तुळ साडेपांच इंचांचें, म्हणजे १३९.७, तेंच माप मारुतीच्या जिप्सींत पुढें आलें. इंच व मिलिमीटर या दोन घराण्यांतलीं चाकें अशीं कोठें कोठें शेजारीं येऊन बसलीं आहेत. ११२ व ११४.३ यांत व्यासाचा फरक २.३ मिलिमीटर, म्हणजे आमच्याहूनही अधिक. तरी तीं चाकें 'बसतात' असें सांगणारे भेटतातच.

मापावें कसें, हें ज्यांच्या घरीं गाडी आहे त्यांनीं माहीत करून घ्यावें. चार भोकांचें चाक असेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंतचें अंतर म्हणजेच पीसीडी. पांच भोकांस समोरासमोर जोडी नसते. तेथें लागून असलेल्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर घेऊन त्यास १.७०१ नें गुणावें. शाळेची फूटपट्टी या कामास नको. तिच्यावर ९८ आणि १०० यांतील फरक अंगठ्याखालीं लपतो. व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. आम्ही ज्या कपाटांतून तो वर्षानुवर्षें मुलांच्या हातांत देत आलों, तेथून त्या दिवशीं तो घरीं आणला असता तरी आमच्या हट्टापुढें त्याचें कांहीं चाललें असतें असें वाटत नाहीं, कारण माप आम्हांस ठाऊक होतेंच. ठाऊक नव्हता तो मापाचा अर्थ.

चाकें बदलूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्याच मापाचीं चाकें मिळत असतील तर प्रश्नच मिटला, आणि शोधणारास अठ्ठ्याण्णवाचींही मिळतात. न मिळाल्यास दोन मार्ग आहेत. एक, वॉबल बोल्ट. यांत माथ्याखालचा शंकु बोल्टापासून सुटा असून तो बोल्टाभोंवतीं थोडा सरकतो, त्यामुळें बोल्ट सरळ राहतो आणि शंकु भोकांत पुरा टेंकतो. युरोपांत फियाट व अल्फा रोमिओच्या गाड्यांवर शंभराचीं चाकें चढविण्यास ते वापरतात. सुमारे सव्वादोन-अडीच मिलिमीटरांपर्यंतचा व्यासाचा फरक ते झांकतात. मात्र ते नामांकित कारखान्याचे हवेत आणि त्यांच्यासोबत मधलें कडें हवेंच, कारण सरकता शंकु चाकास मध्यावर आणूं शकत नाहीं. दुसरा मार्ग, हबवर एका मापानें बसणारी आणि चाकास दुसऱ्या मापाच्या जागा देणारी जाड तबकडी, म्हणजे ॲडॉप्टर. पण तिच्या जाडीइतकें, पंधरा-वीस मिलिमीटर किंवा अधिक, चाक बाहेर येतें. बेअरिंगवर ताण वाढतो आणि टायर चाकावरच्या कमानीस घांसूं शकतो. भोकें रुंद करणें हा मार्गच नव्हे; त्यानें शंकूची बैठकच नाहींशी होते.

बोल्टांच्या आट्या हबमध्यें निदान बोल्टाच्या जाडीइतक्या खोल गेल्या पाहिजेत. बैठकीचा आकारही जुळला पाहिजे. होंडा व फोक्सवॅगन यांच्या मूळ चाकांची बैठक गोलाईची असते, बाजारांतल्या बहुतेक चाकांची साठ अंशांच्या शंकूची, आणि या दोहोंची अदलाबदल केली तर माप जुळूनही आमच्यासारखीच गत होते. आवळणें समोरासमोरच्या क्रमानें, आधीं सर्व हलके आणि मग पुरे, आणि तेंही बंदुकीनें नव्हे तर टॉर्क रेंचनें. बहुतेक लहान मोटारींस ८० ते १२० न्यूटन-मीटर इतका जोर सांगितलेला असतो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोंकास दहा किलोंचें पोतें टांगलें असतां जेवढा पीळ पडेल, सुमारें तेवढा. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो.

कायद्याचें एक कलमही या प्रकरणास लागूं शकतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ हें उत्पादकानें मूळांत नमूद केलेल्या तपशिलांशीं नोंदणीपत्रांतील तपशील विसंगत होतील असे बदल करण्यास मनाई करतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही तें कलम कडक अर्थानें वाचलें आहे. पण खरें सांगावयाचें तर त्या सकाळीं पारगावास आमच्या मनांत कायदा नव्हता.

चिरंजीवांनीं पोलादी चाकें गच्चीवर नेऊन घांसलीं, गंज काढला आणि रुपेरी रंग दिला. तीं बरीं दिसतात. एके रात्रीं जेवतांना ते म्हणाले, "बाबा, तुम्ही हिशेब केलात म्हणून मी निश्चिंत झालो." त्यांत दोष देण्याचा भाव नव्हता, म्हणूनच तें वाक्य आमच्या फार दिवस लक्षांत राहील. आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें कीं, आम्हीं भागाकार केला आणि त्यालाच उत्तर समजलों.

उरला प्रश्न त्या चार चाकांचा. तीं वाईट नव्हतीं. दुसऱ्या घरचीं होतीं. तीन चाकांच्या बैठका एका जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्या, आणि घडलेली सर्व हकीकत सांगून तीं एका होंडा सिटीवाल्यास निम्म्या किंमतींत दिलीं. त्यांच्या गाडीचें माप शंभर असल्यामुळें त्यांस तीं नीट बसलीं. चौथें, म्हणजे पुढचें डावें, आम्हीं विकूं दिलें नाहीं. त्यास चांगलें गिऱ्हाईक आलें होतें आणि रुपयेही बरे मिळत होते. सौभाग्यवतींनीं तें गच्चींत मोगऱ्याच्या कुंडीखालीं ठेविलें आहे. नात सकाळीं झारीनें पाणी घालते, तेव्हां तें चार भोकांतून वाहून जातें. त्यांतलें एक भोक अंड्यासारखें लांबट झालेलें आहे.